सहा मिनिटं

विझ्मा, ती तार मी लावली होती.
एवढं एक वाक्य तुला सांगायला
मला अख्खा हिवाळा लागला.

एक्स-रेच्या खोलीतला तो संगणक
तुझ्याही आधीपासून नोकरीत.
सुरू होताना घसा खाकरायचा,
मग हिरवी टेकडी, निळं आभाळ.
खिडकीबाहेर व्हेंटा नदी
काठाकाठाने गोठत आलेली.
ज्यांनी त्याची प्रणाली घडवली
त्यांनी केव्हाच हात वर केले होते:
आता ठिगळं मिळणार नाहीत,
जिथे फाटेल तिथे फाटो.
नवी प्रणाली घालावी तर यंत्र तिला ओळख देईना,
नवं यंत्र घ्यावं तर नगरपालिका म्हणे,
आधी छप्पर.

तू पडद्याच्या कडेला चिकटपट्टी लावून
जाड निळ्या शाईने लिहिलं होतंस:
याला नेटला जोडू नये.
खाली दोन रेघा.
फोटो सीडीवर घ्यायचे, जिना उतरायचा,
खालच्या संगणकावरून लिएपायाला पाठवायचे.
दिवसातून वीसदा तो जिना, आणि तुझे गुडघे.
मी हसायचो,
म्हाताऱ्याला चांगलं सोवळ्यात ठेवलंयस म्हणून.

मी मंगळवारी नि शुक्रवारी येणारा माणूस.
प्रिंटर, दिवे, लिफ्टची घंटा.
सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणारा,
सहा अक्षरं पुरत नाहीत म्हणून
मोठ्या डॉक्टरांशी भांडणारा.
दरवाजा उघडा आणि मोरीला बोळा.

त्या शुक्रवारी तू दात काढायला गेली होतीस.
सीडीचा खण अडकला, टाचणीनेही उघडेना.
लिएपायाहून फोनवर फोन: फोटो कुठेत?
मुलगा सात वर्षांचा, मनगट वांग्यासारखं सुजलेलं,
आई कोपऱ्यात ओले हातमोजे पिळत उभी.
भिंतीत खाच होतीच.
तार माझ्या खिशात.

सहा मिनिटं, विझ्मा.
फोटो गेले. तार काढली, गुंडाळली.
तुझ्या चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा
अंगठ्याने दाबून
परत बसवला.

अकरा दिवस काही झालं नाही.
मला वाटलं, हा इतका जुना
की चोरांनाही याचं दार आठवत नसेल.
चोर जुन्या किल्ल्या फेकत नाहीत
हे मला माहीत होतं.
त्याच विषयावर मी तुम्हाला शरदात
एक तास भाषण दिलं होतं,
तू मागच्या रांगेत बसून विणत होतीस.

बाराव्या सकाळी टेकडी नव्हती.
काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं:
आपल्याच भाषेत, पण
स्वरांवरच्या रेघा सगळ्या गाळलेल्या,
जणू कुणी दातांतून थंडी वाजत बोलतंय.
इतके पैसे, इतके तास.
आणि खाली सेकंद पळत होते.

त्याच वेळी स्काइद्रीते ओझोला स्ट्रेचरवर,
लाकडं आणताना अंगणात घसरलेली,
कंबरेखालचं काय मोडलंय कुणाला कळेना.
यंत्र तिच्यावर डोळा रोखून होतं, आंधळं.
तू स्टार्टचं बटण तीनदा दाबलंस.
माझ्याकडे पाहिलंस
आणि काही विचारलं नाहीस.

नव्वद किलोमीटर बर्फावरून अँब्युलन्स.
स्ट्रेचरचं एक टोक मी धरलं होतं.
ती दर वळणावर विचारायची,
माझ्या शेळ्यांना कोण बघणार?

ती जगली. एक पाय जरा आखूड बसला.
उशीर झाला म्हणून, की वयामुळे,
लिएपायाचे डॉक्टर नक्की सांगत नाहीत,
आणि मी दोनदा विचारलं नाही.

नवं यंत्र आलं. छप्पर अजून गळतं.
जुना संगणक नेताना मी चिकटपट्टी सोलून घेतली,
ती माझ्या पाकिटात आहे,
निळी शाई जरा पसरलीय.

काल ओझोलाबाई काठी टेकत आल्या.
वाळवलेल्या सफरचंदांची पिशवी दिली,
स्ट्रेचर सांभाळून धरलंस, म्हणाल्या.
मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पिशवी तुझ्या टेबलावर ठेवलीय, या कागदाखाली.
मी एकही फोड खाल्लेली नाही.